आईची पेटी आणि चारशे बारा वॉर्निंग

३ मार्च, सोमवार. सकाळी ९:१०

नवी वही. आजपासून रोज लिहिणार. थोडक्यात, मुद्देसूद. तक्रारी लिहायच्या नाहीत.

परिस्थिती: २८ तारखेपर्यंत हॉस्पिटलला दोनशे पेट्या द्यायच्या आहेत, नव्या सॉफ्टवेअरसकट. आपली पेटी पलंगाशेजारी राहते आणि गोळीची वेळ झाली की बोलते. तिच्यातला प्रोसेसर इतका बारका की स्वतःचं सॉफ्टवेअर तिला स्वतः बिल्ड करता येत नाही. ते मोठ्या कॉम्प्युटरवर तयार करून तिच्यात भरावं लागतं. थोरल्याने धाकट्याचा सदरा स्वतःच्या अंगावर घालून बेतायचा, असला प्रकार. याला क्रॉस-कंपाइल म्हणतात. ऑफिसात हे एकालाच येतं. नाव लिहायची गरज नाही.

सगळ्यात पहिली पेटी आईकडे आहे. सहा वर्षं माझ्या आवाजात बोलते. सकाळी आठ, संध्याकाळी आठ. "आई, बीपीची गोळी घे." एकदाही चुकलेली नाही. आता डॉक्टरांनी दुपारचीही एक गोळी वाढवली आहे आणि जुन्या सॉफ्टवेअरला दोनच वेळा माहीत आहेत. नवं बिल्ड सगळ्यात आधी आईला. तसा शब्द दिला आहे.

११:३०. अंदाज: बिल्डला दोन दिवस. उरलेला महिना मोकळा. त्यात वजन कमी करू.

४ मार्च, मंगळवार

आज म्हाताऱ्याचा निरोप. म्हातारा म्हणजे माझ्या टेबलाखालचा जुना बिल्ड-कॉम्प्युटर. सहा वर्षं पायाशी घरघरत होता. अंगावर माझ्या अक्षरातला कागद: हात लावू नये. कोणाची टाप नव्हती लावायची. आता साहेबांनी नवा सर्व्हर आणला आहे, काचेआड, थंडगार खोलीत. जुनं धूड हलवा म्हणाले. मी म्हटलं, खुशाल हलवा. कॉम्प्युटरचं काय, माणूस महत्त्वाचा.

स्टोअरकाकांनी कसलासा कागद पुढे केला. बारीक अक्षर, खाली तीन चौकोन. तिन्हींत टिक केली, सही ठोकली. असले कागद वाचत बसलो तर कामं कधी करायची?

मग यादीबाई आली. चार महिन्यांपूर्वी लागलेली नवी इंजिनिअर. येता-जाता यादी मागते म्हणून मनातल्या मनात मी तिला हे नाव ठेवलं आहे. आज विचारत होती, सर, बिल्डला काय काय लागतं त्याची यादी कुठे असते? मी कपाळावर बोट ठेवलं. म्हटलं, इथे. डोक्यात आहे सगळी. ती हसली नाही. विनोदबुद्धी कमी.

५ मार्च, बुधवार

नव्या सर्व्हरवर पहिलं बिल्ड. चार सेकंदांत आडवं. आवाजाची लायब्ररी सापडत नाही म्हणे. लायब्ररी म्हणजे दुसऱ्या कोणीतरी लिहून ठेवलेला तयार कोड, ज्याच्या जिवावर आपला कोड उड्या मारतो. सहा वर्षं बरी सापडत होती. मग लक्षात आलं, ती म्हाताऱ्याच्या पोटात होती.

धावत स्टोअरमध्ये. काकांनी म्हाताऱ्याची डिस्क कालच पुसली आणि धूड एका शाळेला देऊन टाकलं. एवढी कसली घाई होती विचारलं तर म्हणतात, तुम्हीच तर सांगितलंत, साहेब. मी? मी असं सांगेन?

तक्रारी लिहायच्या नाहीत हे ठरलेलं आहे. त्यामुळे ही तक्रार नव्हे, नोंद.

विश्वासघात क्र. १: स्टोअरकाका.

६ मार्च, गुरुवार

ही लायब्ररी लिहिणारा एक गृहस्थ आहे. कुठेतरी लांब राहतो, कधी भेट नाही. फुकट लिहितो, फुकट वाटतो. सहा वर्षं त्याच्यावर डोळे मिटून भरवसा टाकला. आज त्याच्या साइटवर गेलो तर आपली जुनी आवृत्ती गायब. फक्त नवी. नवीला नवा कंपायलर लागतो, म्हणजे आपण लिहिलेला कोड पेटीला कळेल अशा भाषेत उतरवणारा प्रोग्राम. नव्या कंपायलरबरोबर आणखी एक लायब्ररी येते, ती पेटीत मावत नाही. मावेल अशी शोधली तर तिला जुना कंपायलर हवा. जुना कंपायलर म्हाताऱ्याबरोबर शाळेत गेला. सकाळी नऊला निघालो होतो, दुपारी चारला पुन्हा त्याच जागी.

गृहस्थाला पत्र लिहिलं. अकरा परिच्छेद. विषयाच्या जागी केसाने गळा कापल्याबद्दल असं घालायचं होतं, पण इंग्रजीत त्याला जोर येईना. शेवटी नुसतं "तुम्हीसुद्धा?" असं लिहिलं.

विश्वासघात क्र. २: लांबचा गृहस्थ.

७ मार्च, शुक्रवार

प्रयोग. पेटीऐवजी माझ्या टेबलावरच्या कॉम्प्युटरसाठी बिल्ड केलं. पहिल्या फटक्यात झालं आणि खणखणीत बोललं, "आई, बीपीची गोळी घे." अकाउंट्सच्या बाई दचकल्या. म्हणजे कोड निर्दोष आहे. माझ्या मशीनवर चालतंय. पेटीवर चालत नसेल तर तो पेटीचा स्वभाव.

यादीबाई पुन्हा आली. म्हणाली, सर, मी एक कोरं मशीन घेऊन पहिल्यापासून सुरू करू का? काय काय लागतं ते एकेक लिहीत जाते. मी म्हटलं, कर. शिकशील. तीन-चार आठवडे लागतील, पण शिकशील.

विश्वासघात क्र. ३: कंपायलर. सकाळी जी कमांड मुकाट्याने घेतली, तीच दुपारी नाकारली. मध्ये मी फक्त जेवायला गेलो होतो. आणि दोन फाइली हलवल्या होत्या.

८ मार्च, शनिवार. दुपारी १२:२०

जमलं.

बिल्डमध्ये एक सोय असते, मला माहीतच होती, फक्त आठवली आज. एक शब्द घालायचा. अर्थ असा की जे सापडणार नाही ते सोडून पुढे चला. घातला. बिल्ड शेवटपर्यंत गेलं. एरर शून्य. वॉर्निंग चारशे बारा, पण वॉर्निंग म्हणजे एरर नव्हे. ती कॉम्प्युटरची कुरकुर. घरात तरी आपण सगळी कुरकुर कुठे ऐकतो?

टेस्टच्या पेटीत भरलं. हिरवा दिवा लागला. या पेटीला स्पीकर नाही, दोन वर्षांपूर्वी मीच काढला. दर पाच मिनिटांनी मी कोणाला तरी आई म्हणून हाक मारतो हे अकाउंट्सला सहन होईना. काही अडत नाही. दिव्यावरून मला सगळं कळतं.

९ मार्च, रविवार

आईकडे जाऊन आलो. बसने दोन तास. पेटी उघडली. जुनं काढण्याआधी त्याची एक कॉपी ठेवावी असं एकदा मनात आलं. पण मनात शंका ठेवून काम करू नये. जुनं पुसलं, नवं भरलं. सकाळी आठ, दुपारी दोन, संध्याकाळी आठ. हिरवा दिवा.

आई म्हणाली, आठपर्यंत थांब ना, बोलते का बघू, जेवून जा. मी म्हटलं, दिवा हिरवा आहे आणि साडेपाचची बस आहे. तिने शर्टाची बाही ओढून सारखी केली, माझ्या. दारापर्यंत आली. मी म्हटलं, आता रोज तीनदा बोलणार तुझ्याशी, दोनदा नाही. हसली.

एवढा चांगला रविवार बऱ्याच महिन्यांत गेला नव्हता.

१० मार्च, सोमवार

सकाळी हिला सहज विचारलं, आईचं काही कळलं का? ही म्हणाली, घेतली त्यांनी गोळी, बरोब्बर आठला. बस. यालाच टेस्टिंग म्हणतात. आईला फोन करायचा विचार होता, पण पेटी असताना वेगळा फोन कशाला?

साहेबांना मेल: बिल्ड तयार. प्रत्यक्ष पेशंटवर तपासलेलं.

यादीबाई कोऱ्या मशीनसमोर बसून वहीत लिहिते आहे. ओळ क्रमांक सहा. बिचारी.

१२ मार्च, बुधवार

चहाला उशीर. तिसरा दिवस आहे. आठ वाजले की ही फोन घेऊन गॅलरीत जाते आणि दार ओढून घेते. संध्याकाळीही तेच. बहिणीशी बोलत असणार. विचारलं तर म्हणाली, असतं एक काम. सोळा वर्षांच्या संसारात मी हिच्यापासून एक गोष्ट लपवलेली नाही. वजन सोडून.

क्र. ४ राखून ठेवतो. नाव नंतर भरू.

गृहस्थाला चौथं पत्र गेलं. उत्तर नाही. ज्याच्या मनात पाप असतं तो गप्प बसतो.

१३ मार्च, गुरुवार. दुपारी ३:००

ही तक्रार नव्हे, नोंद.

मी जेवायला गेलो असताना यादीबाईने टेस्टच्या पेटीला स्पीकर जोडला. माझ्या पेटीला, माझ्या पाठीमागे. पेटी बोलली नाही. मग ती बसली आणि तिने वॉर्निंग वाचल्या. चारशे बाराच्या चारशे बारा. असं कोणी करतं का? तीनशे अठ्ठ्याऐंशीवी निघाली ती अशी: आवाजाची लायब्ररी सापडली नाही, आवाज बंद करून पुढे जात आहे.

मी म्हटलं, स्पीकर खराब असेल. तिने तोच स्पीकर मोबाइलला लावला आणि गाणं वाजवून दाखवलं. अकाउंट्सच्या बाईंनी मान डोलावली. मग मी शांतपणे म्हटलं, माझ्या आईची पेटी याच बिल्डवर बोलते आहे, चार दिवस झाले, एक गोळी चुकलेली नाही. तिने स्पीकर काढून टेबलावर ठेवला.

विश्वासघात क्र. ५: यादीबाई. जिला मी शीक म्हटलं होतं.

१४ मार्च, शुक्रवार

ऐतिहासिक दिवस.

साहेबांच्या केबिनमध्ये मीटिंग. यादीबाईने वॉर्निंग मांडली. मी आई मांडली. साहेब साधा माणूस. घड्याळ बघून म्हणाले, दोन वाजायला आलेत. आईंना फोन लावा, स्पीकरवर ठेवा, पेटीच ऐकू या.

दोनला लावला. एंगेज. दोन वाजून दोन मिनिटांनी लावला. एंगेज. भरदुपारी आईला फोन करतं तरी कोण? मला घाम फुटला, केबिनमध्ये हवा कमी होती. दोन वाजून चार मिनिटांनी लागला. साहेबांनी स्वतःच विचारलं, आजी, पेटी बोलली का आज?

तिकडून पेला खाली ठेवल्याचा आवाज आला.

"बोलली ना," आई म्हणाली. "आत्ताच बोलली. अगदी याच्याच आवाजात. माझा मुलगा फार हुशार आहे हो."

साहेब हसले. सोमवारी वीस पेट्या चाचणीसाठी हॉस्पिटलला पाठवायच्या ठरल्या. यादीबाई वहीत काहीतरी लिहीत बसली. हरलेली माणसं वह्या भरतात.

१७ मार्च, सोमवार

वीस पेट्या रवाना. वीस हिरवे दिवे, ओळीने. फोटो काढून ठेवला.

वजन आजपासून कमी करणार होतो. पण आज आनंदाचा दिवस.

१८ मार्च, मंगळवार

हॉस्पिटलच्या सिस्टरचा साहेबांना फोन. वीसच्या वीस पेट्या मुक्या. पहिला आठवडा गोळ्या हातानेच द्यायच्या असं सिस्टरनी आपल्या बाजूने ठरवलं होतं, म्हणून कोणाची चुकली नाही. दिवा मात्र छान आहे म्हणाल्या.

साहेब ओरडले असते तर बरं झालं असतं. ते खुर्ची ओढून माझ्यासमोर बसले. मग तुमच्या आईंची कशी बोलते, एवढंच विचारलं. मी म्हटलं, तोच तर मुद्दा आहे. एकवीसपैकी एक बोलते म्हणजे बिल्ड चांगलं आहे. दोष हॉस्पिटलच्या विजेचा असू शकतो. बोलताना माझं मलाच पटेना. पण आई खोटं कशाला बोलेल?

विश्वासघात क्र. ६: वीज. पेन्सिलीने लिहिलं आहे.

१९ मार्च, बुधवार

मी आग्रह धरला की खरा गुन्हेगार समोर यावा. म्हातारा पुसला नसता तर यातलं काहीच झालं नसतं. साहेबांनी स्टोअरकाकांना बोलावलं. काका फाइल घेऊनच आले. त्यातून तो कागद काढला आणि मोठ्याने वाचला. चौकोन पहिला: या कॉम्प्युटरवरचं सर्व काही दुसरीकडे जपून ठेवलं आहे. चौकोन दुसरा: बिल्डला लागणाऱ्या गोष्टींची यादी लिहिलेली आहे. चौकोन तिसरा: डिस्क पुसण्यास हरकत नाही. तिन्हींत टिक. सही माझी. सहीखाली दोन रेघा मारायची सवयही माझीच.

काका म्हणाले, साहेब, मी दोनदा विचारलं होतं तुम्हाला. आवाज चढवला नाही त्यांनी. फाइल काखेत मारून निघून गेले.

क्र. १ तूर्त स्थगित.

संध्याकाळी ५:४०. गृहस्थाचं उत्तर आलं. यादीबाईने त्याला गेल्या आठवड्यात चार ओळी लिहिल्या होत्या, आमच्या पेटीत तुमची लायब्ररी कशी बसवायची म्हणून. तिला त्याने तासाभरात सगळं समजावून दिलं होतं. मला सात पत्रांनंतर हे. त्याने लिहिलं आहे की जुन्या आवृत्तीत आवाज खरखरायचा. मी त्याला सहा वर्षांपूर्वी कळवलं होतं की ती खरखर मी घालवली आहे आणि दुरुस्ती संध्याकाळी पाठवतो. त्याने बरेच दिवस वाट पाहिली. मग चार वर्षांपूर्वी त्याने ती स्वतःच करून टाकली. खाली माझं ते जुनं पत्र जोडलं आहे.

आठवलं. ती संध्याकाळ म्हणजे आईकडे पेटी बसवायला गेलो होतो तीच. मग राहून गेलं. म्हणजे जी लायब्ररी म्हाताऱ्याच्या पोटात होती ती गृहस्थाची नव्हतीच पुरती. मी हाताने बदललेली होती. जगात एकच प्रत. ती पुसायला मीच टिक केली. आणि दुसरी, तयार बांधलेली, आईच्या पेटीत होती. तीही मीच पुसली. ९ तारखेला, चांगला रविवार म्हणून लिहिलं आहे वर.

आणि माझी ती दुरुस्ती चार वर्षांपासून कोणाला लागतही नव्हती.

२० मार्च, गुरुवार

यादीबाईचं बिल्ड झालं. सदतीस ओळींची यादी. कोरं मशीन, एक बटण. जे लागतं ते स्वतः आणतं, जोडतं, पेटीत भरतं. वॉर्निंग शून्य. टेस्टच्या पेटीतून माझा आवाज आला. अकाउंट्सच्या बाई टाळ्या वाजवायला लागल्या. दोन वर्षांपूर्वी त्याच आवाजाला कंटाळल्या होत्या.

मग ती म्हणाली, सर, दुसऱ्या कोऱ्या मशीनवर तुम्ही करून बघा. मी काही सांगणार नाही. केलं. अकरा मिनिटांत झालं. मला काहीही माहीत असण्याची गरज पडली नाही. इतकं वाईट मला गेल्या पंधरा दिवसांत वाटलं नव्हतं.

साहेबांनी जाहीर केलं. बिल्ड यापुढे तिच्याकडे, मी मार्गदर्शक. बढतीच म्हणायची. मार्गदर्शकाने सकाळी आल्यावर काय करायचं असतं ते विचारून ठेवलं पाहिजे.

२१ मार्च, शुक्रवार. संध्याकाळी ८:१५

आठ वाजता सरळ गॅलरीचं दार उघडलं. ही फोनवर म्हणत होती, घेतली ना, आई? आता पाणी प्या पूर्ण, अर्धा पेला ठेवू नका.

फोन झाल्यावर माझ्याकडे बघितलं. लपवायचा प्रयत्नही केला नाही.

"पेटी पहिल्या दिवसापासून गप्प आहे," ही म्हणाली. "त्या रविवारी आठला तू हात-पाय धूत होतास, तेव्हाच आईंचा मला फोन आला. म्हणाल्या, त्याला सांगू नकोस, दोन तास येऊन, दोन तास मान मोडून केलंय त्याने."

तेव्हापासून ही रोज तीनदा फोन करते. आठ, दोन, आठ. दोनचा ऑफिसातून. मी म्हटलं, आणि मला सांगितलंस की आईने गोळी घेतली. ही म्हणाली, घेतलीच होती. तू तेवढंच विचारलंस.

क्र. ४: ही. मोकळी जागा भरली.

विश्वासघात क्र. ८: आई. क्र. ७ कोणाचा होता ते आठवत नाही, बहुतेक गृहस्थाचा पुन्हा. असू दे. आईच्या नावाखाली तीन रेघा मारल्या. साहेबांसमोर, त्या पोरीसमोर, स्पीकरवर. तिने खरं सांगितलं असतं तर त्या वीस पेट्या गेल्या नसत्या. सख्ख्या आईने तोंडघशी पाडलं. राग येतो आहे की रडू ते कळत नाही. हिने चहा आणून ठेवला, वेळेवर.

२३ मार्च, रविवार

बसमध्ये मुद्दे काढले. एकूण पाच. खिशात यादीबाईचं बिल्ड, पेन ड्राइव्हमध्ये.

पेटी पलंगाशेजारी, स्वच्छ पुसलेली, खाली विणलेला रुमाल. हिरवा दिवा. मुकी वस्तू कोण एवढी पुसतं? मी बसायच्या आधीच विचारलं, साहेबांना खोटं का सांगितलंस?

आई म्हणाली, तुझे साहेब ऐकत होते ना. त्यांच्यासमोर कशी सांगू?

मग मला तरी का नाही सांगितलंस, हा मुद्दा दुसरा. ती रुमालाची टोकं सारखी करत राहिली. मला वाटलं, ऐकू आलं नाही. पुन्हा विचारणार होतो.

"सहा वर्षं रोज तुझा आवाज यायचा," आई म्हणाली. "मी म्हणायचे, हो रे, घेते. मग पेटी गप्प झाली. तुला सांगितलं असतं तर तू येऊन पेटी दुरुस्त करून गेला असतास. नाही सांगितलं तर कधीतरी स्वतः फोन करशील, असं वाटलं."

मी म्हटलं, केला होता की. चौदा तारखेला.

"हो, केलास ना," ती म्हणाली. "साहेबांबरोबर."

मुद्दा तिसरा, चौथा आणि पाचवा मांडले नाहीत. दोनला हिचा फोन आला. आई गोळी घेता घेता बोलली, गुडघ्याबद्दल, शेजारणीच्या नातवाबद्दल, झोपेबद्दल. अर्धा तास. पेटीने सहा वर्षांत झोपेचं कधी विचारलं नव्हतं. मी पलंगाच्या कडेवर बसून होतो. पेन ड्राइव्ह खिशातच राहिला. पेटीच्या तोंडाशी धूळ असण्याची शक्यता होती.

आठपर्यंत थांबलो. जेवून निघालो.

परतताना बसमध्ये क्र. ९ घातला. पुढे नाव लिहायचं होतं, माहीतही होतं. बस फार हलत होती.

२४ मार्च, सोमवार

संकल्प. उद्यापासून आईला मी स्वतः फोन करणार. आठ, दोन, आठ. पेटी नाही, रेकॉर्डिंग नाही, मधे कोणी नाही. हिला सांगितलं, आता तू थांबव. ही म्हणाली, तू सुरू कर, मग बघू. विश्वास नाही माणसाचा माणसावर.

लिहून ठेवू का वेळा? नको. डोक्यात आहे.

२५ मार्च, मंगळवार

सकाळी आठ: दाढी. दुपारी दोन: आठवलं, तीन वीसला. संध्याकाळी आठ: बरोबर आठवलं, पण बसमध्ये होतो आणि बॅटरी गेली. तिन्ही वेळा हिने केला.

उद्यापासून नक्की.

२७ मार्च, गुरुवार

काल आणि आज मिळून सहापैकी शून्य. प्रत्येक वेळी कारण वेगळं होतं, ही त्यातल्या त्यात चांगली गोष्ट.

२८ मार्च, शुक्रवार

दोनशे पेट्या गेल्या. निघण्याआधी स्टोअरमध्ये ओळीने मांडून सगळ्या एकदम बोलवून बघितल्या. स्टोअरकाकांनी कानात बोटं घातली. मी त्यांच्याजवळ जाऊन उभा राहिलो. म्हातारा त्या शाळेत चालतो का, विचारलं. चालतो म्हणाले, मुलं चित्रं काढतात त्यावर. मी म्हटलं, काका, चुकलं माझं. ते म्हणाले, असू द्या, साहेब, आता वाचून सही करत जा.

मग यादीबाईकडे गेलो. म्हटलं, मला एक यादी हवी आहे. तिला वाटलं मी चिडवतोय. सगळं सांगितलं, आईचं, फोनचं. तिने वहीतला कागद फाडला, तीन ओळी लिहिल्या आणि म्हणाली, सर, डोक्यात ठेवू नका.

सकाळी ८. दुपारी २. संध्याकाळी ८.

घरी आल्यावर चहाच्या डब्यावर चिकटवला, जिथे बघावंच लागतं तिथे. हिला म्हटलं, शनिवार-रविवार तूच कर, मी नीट तयारी करतो.

३१ मार्च, सोमवार. सकाळी ८:००

फोन लावला. स्वतः, हाताने, कोणी आठवण करून न देता. कागद सोडून. एंगेज.

८:०२. एंगेज.

८:०४. गॅलरीत ही बोलते आहे. हसते आहे. मी दाराशी जाऊन खुणेने म्हटलं, मला दे. तिने खुणेनेच सांगितलं, थांब.

८:११. थांबलो आहे.